आहेराचा बिटरेट

लग्नाचं शूटिंग हल्ली मखमली डबीतल्या पेनड्राइव्हवर मिळतं. पण सेलूच्या आत्याच्या टीव्हीला पेनड्राइव्ह खुपसायला जागाच नाही. तिच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर क्रोशाचा रुमाल आहे, आणि भाच्याचं लग्न टीव्हीवरच बघायचा हट्ट आहे. ‘‘मोबाइलात कोण कोण आलंय तेच कळंना गेलंय. सीडी काढून दे,’’ असा फोन आला. घरात कॉम्प्युटर चालू करता येतो तो इंजिनिअर, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे काम माझ्याकडे.

नवख्यांना वाटतं, फाइल उचलून डीव्हीडीवर टाकली की झालं. पण साधा प्लेअर नव्या फाइलींना ओळख दाखवत नाही. त्याला एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं बसवलेलं चित्र लागतं, तेही ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरात, जास्तीत जास्त एकेक जीबीचे तुकडे करून. शेजारी ‘ऑडिओ_टीएस’ नावाचा दुसरा फोल्डर असतो, तो चक्क रिकामा. व्याह्यांच्या चुलत्यासारखा : काम काही नाही, पण पत्रिकेत नाव नसलं तर काही जुने प्लेअर रुसतात. हे नियम १९९५ च्या सुमारास सोनी, फिलिप्स, तोशिबा वगैरे मंडळींनी ठरवले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आम्हाला कुणी विचारलं नाही.

डीव्हीडीस्टायलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर ही सगळी उठाठेव करतं. सुरुवातीला ‘एनटीएससी’ऐवजी ‘पाल’ निवडायचं, आपल्याकडची पद्धत ती. मग चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं होतं. मुलीकडच्यांनी ड्रोनचे वेगळे पैसे मोजलेत, त्यांना हा आकडा सांगायचा नाही.

खरी गोम जागेची. डिस्कच्या डबीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज त्यालाच ४.३७ म्हणतं. बऱ्या दर्जात त्यात दोन तास मावतात. लग्न सात तासांचं. सातही तास कोंबता येतात, पण मग सेकंदाच्या वाट्याला जेमतेम दीड मेगाबिट येतो आणि अक्षता पडल्या रे पडल्या की अख्ख्या मांडवाचे चौकोनी तुकडे होतात; त्यात नवरी कुठली आणि करवली कुठली, ते अंदाजानं ठरवायचं. दोन डिस्क कराव्यात, तर आत्या म्हणाली, ‘‘बदलायला कोण उठंल? गुडघे दुखायलेत.’’

म्हणजे कात्री आली, आणि कात्री आली की नातेवाईक आले. जिंतूरच्या मामांना फेटा बांधतानाचं शूटिंग लांबच लांब आहे. ते कापतो म्हटल्यावर मामा म्हणाले, ‘‘लग्नात माझं तेवढंच तर आहे.’’ गंगाखेडच्या काकूंची मागणी उलटी. त्यांच्या पंगतीचा भाग काढा, म्हणजे काढाच. कारण शुगर सांगितलेल्या काकूंच्या पानात जिलबी पडते, त्या हातानं ‘नको नको’ करतात आणि कॅमेरा वळायच्या आत ती संपवतात. शूटिंगवाल्यानं हे स्लो मोशनमध्ये घेतलंय.

डिस्क जाळताना घाई नको. चारपट वेगानं पाव तास लागतो. तेवढा वेळ लाइट टिकेल का, हे सॉफ्टवेअरच्या हातात नाही. शेवटचं ‘फायनलाइज’ राहिलं तर प्लेअर डिस्क वाचतच नाही. अशा अर्धवट चकत्या चुलतभाऊ शेतात नेतो आणि ‘परभणी मोती’ ज्वारी दाण्यावर आली की दोरीला टांगतो. पाल आणि एनटीएससीतला फरक पाखरांना कळत नाही, ती दोन्हींना भितात.

शेवटी डिस्क सेलूला पोचली. दोनच दिवसांत पुन्हा फोन. लग्न छान दिसतं, पण आहेर धुरकट दिसायलाय. थांबवून बघितलं तरी ताट स्टीलचं का पितळी, कळंना. पुढच्या महिन्यात पूर्णेला लग्न आहे, त्यांनी आपल्याला काय केलं ते बघूनच तिकडं करायचंय.

आता आहेराला सेकंदाला आठ मेगाबिट दिलेत. तासाभराच्या आहेरातच साडेतीन जीबीवर गेले. उरलेल्या जीबीभरात हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी आणि मामांचा फेटा बसवायचं चाललंय.