दोन बोटं माया

सोलापुरात कुणी अचानक तुमच्या बरगडीजवळ चिमटा काढला, तर दचकू नये. आल्टरकाकू असतील. समोरच्याचा शर्ट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून "इथनं अर्धा इंच घेतलं की बसतंय बघ" म्हणणं हाच त्यांचा नमस्कार. अशा काकू प्रत्येक गल्लीत असतात. खिडकीपाशी पायमशीन, ब्लाउजला टोचलेल्या चार टाचण्या, आणि तोंडात पाचवी.

1877 साली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी निघाली तेव्हापासून या गावाच्या अंगात सूत आहे. चादरी इथल्या, टॉवेल इथले आणि गणवेश तर इतके, की 2017 साली त्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. पण कारखान्यातून शर्ट निघतो तो चाळीसचा नाहीतर बेचाळीसचा. मधल्या एक्केचाळीसनं जायचं कुठं? शिवाय इथल्या आया पोराचा गणवेश पोराला घेतच नाहीत, दोन वर्षांनी तो जेवढा होईल तेवढ्या पोराला घेतात. जूनमध्ये काकू पँट खालून दुमडून देतात, पुढच्या जूनमध्ये सोडतात. पायाशी उमटलेल्या गडद पट्ट्या मोजून पोरगं कितवीत आहे ते त्या बिनचूक सांगतात.

जानेवारीत मात्र काकूंचा हिरमोड. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं बंदांनी बांधायच्या पांढऱ्या बाराबंदीतले शेकडो भक्त, आणि एकालाही आल्टर नको! पोट वाढलं, बंद सैल सोडा, उतरलं, आवळा. "शिवणाऱ्यानं आमच्या पोटावर पाय दिला," असं त्या हात जोडूनच म्हणतात.

काकूंच्या लेखी माणसांचे प्रकार दोनच : माया असलेली आणि नसलेली. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. रेडिमेडवर त्यांचा राग तेवढ्यासाठीच. शिवण उलटून बघायची, आत करंगळीएवढंही कापड नाही म्हटल्यावर तोंडातली टाचणी काढून म्हणायचं, "माया नाही रे ह्याला." हे त्या एकदा माझ्या हातातल्या पँटीकडं बघून म्हणाल्या, आणि शेजारी उभा असलेला माझा साडू उगाचच ओशाळला.

माझ्या लग्नातली पँट मात्र मापं देऊन शिवलेली. गेल्या महिन्यात ती चौथ्यांदा काकूंकडे नेली. "काय खायलालास बे?" असं विचारत त्यांनी बैठकीची शिवण उसवली आणि एकदम गप्प झाल्या. आत रेषाच रेषा. बॉबिनवर असेल तो दोरा वापरायची त्यांची सवय, त्यामुळे प्रत्येक रेषेत अडकून राहिलेले धागे वेगळ्या रंगाचे.

"ही काळी मूळची, शिंप्याची. ही तपकिरी सासुरवाडीच्या दिवाळसणानंतरची. निळी, बँकेत खुर्ची मिळाली तेव्हाची. हिरवी..."

"कोरोनातली," मी म्हणालो.

"आणि आता काठ आला." त्यांनी पँट घडी घालून परत दिली. पैसे घेतले नाहीत. "माया संपली."

डॉक्टरांनी रक्त तपासून जे मोघम सांगितलं होतं, ते काकूंनी एका शिवणीत वाचलं. संध्याकाळी पँट घ्यायला नवी पेठेत गेलो, तर त्या न बोलावता बरोबर. दुकानदार रंग दाखवत होता, काकूंनी एकही रंग बघितला नाही. एकेका पँटीची कंबर उलटी करून आत बोटं घालत गेल्या. सातव्या पँटीपाशी थांबल्या.

"दोन बोटं आहे. घे."


मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "तीन असती तर बरं झालं असतं."