खेळाडूंचा सत्कार करा : नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन! तालुक्याच्या ॲथलेटिक्स क्लबचे नवे कार्यवाह म्हणून तुमची निवड झाली. क्लबच्या पोरापोरींनी यंदा जिल्ह्यात पदकं मिळवली, एकदोघींनी तर राज्यातही. आता त्यांचं कौतुक करणं भाग आहे. घाबरू नका. या कामाला स्टॉपवॉच लागत नाही, ट्रॅक लागत नाही, पहाटे साडेपाचला उठावंही लागत नाही. लागतो तो मांडव, माइक आणि मान्यवर. खालचे धडे क्रमाने गिरवा. पहिल्याच वर्षी तुमचं नाव होईल. जागा उरली तर खेळाडूंचंही होईल.

१. आधी पाहुणा गाठा.
खेळाडू कुठे जात नाहीत, ते रोज मैदानावरच असतात. पाहुणा मात्र दुर्मीळ, म्हणून तारीख त्याच्या सवडीने घ्या. ऑक्टोबरात मिळवलेल्या पदकाचा सत्कार फेब्रुवारीअखेर झाला तरी बिघडत नाही. सोनं काही नासत नाही. तारीख नेमकी दहावीच्या पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी आली तर पालक कुरकुर करतील. बिचारे! त्यांना प्रेमाने समजवा, की दहावी पुरवणीत पुन्हा देता येते, साहेबांची तारीख दोनदा मिळत नाही.

२. पत्रिकेत कोणी राहून जाऊ देऊ नका.
अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्रमुख उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती आणि शुभहस्ते, एवढे रकाने किमान हवेत. एखाद्या माजी सभापतींचं नाव राहिलं तर पुढची तीन वर्षं मैदानाला पाण्याचा टँकर मिळणार नाही. खेळाडूंची नावं राहिली तर काहीच होत नाही. त्यासाठी ‘तसेच इतर गुणवंत खेळाडू’ ही ओळ पुरते.

३. फ्लेक्सचं गणित शिका.
वरच्या रांगेत मोठे नेते, मधे पाहुणे, दोन्ही बाजूंना शुभेच्छुक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात राज्यात पहिली आलेली मुलगी. तिचा फोटो आधार कार्डावरून काढून घ्या. ओळख पटली नाही तरी चालेल, तिला गावात सगळे ओळखतात. मजकूर फ्लेक्सवाल्यावर सोडा. तो ‘१०० मीटर : १२.४० मिनिटे’ असं छापेल. दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. शंभर मीटरला बारा मिनिटं म्हणजे आजीसुद्धा वाटेत भाजी घेऊन पोचेल, हे प्रशिक्षकांखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. आणि प्रशिक्षक त्या वेळी खुर्च्या मांडत असतात.

४. पाहुण्यांना भाषणाची चिठ्ठी द्या.
नाहीतर ते क्रिकेटवर बोलतात. चिठ्ठीत नीरज चोप्राचं नाव ठळक लिहा आणि त्यापुढे ‘भाला’ असंही लिहा. त्याखाली आपल्या मातीतली तीन नावं द्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत : २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर : २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे : २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य, जिथे १९९८पासून तिन्ही पदकं केनियाच नेत होता.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, हेही कंसात टाका. पाणी आहे म्हणून साहेबांनी त्याला जलतरण म्हणू नये.

५. निष्कर्ष योग्य काढून द्या.
हा धडा सर्वात महत्त्वाचा, लक्ष देऊन वाचा. सावरपाडा, मोही, मांडवा या गावांत सिंथेटिक ट्रॅक नव्हता. यावरून सामान्य माणूस म्हणेल, ट्रॅक असता तर अशी आणखी किती पोरं निघाली असती. तुम्ही सामान्य नाही, कार्यवाह आहात. तुम्ही म्हणायचं, ‘बघा, सोयींवाचून काही अडत नाही!’ या एका वाक्याने ट्रॅक, आहारभत्ता, फिजिओ आणि स्पाइक्स असे चारही खर्च एका दमात वाचतात. वर टाळ्या पडतात त्या वेगळ्याच. अनवाणी धावण्याचा उल्लेख भावुक आवाजात करा. मात्र समोर बसलेल्या पोरांच्या पायांकडे त्या वेळी बघू नका, सूर हलतो.

६. शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी.
चौदा वर्षांच्या धावपटूला शालीचा काय उपयोग, असं कोणी विचारलं तर त्याला संस्कृतीची आठवण करून द्या. ट्रॉफी निवडताना वजन बघा. अठरा वर्षांखालच्या मुलींचा गोळा ३ किलोचा असतो, ट्रॉफी त्याहून जड हवी. क्लबकडे गोळा एकच आहे आणि तोही शेजारच्या शाळेचा, ही गोष्ट इथे काढू नका. ट्रॉफीवर देणगीदाराचं नाव ठळक घाला, स्पर्धेचं नाव बारीक; खेळाडूचं नाव नंतर मार्करने लिहिता येतं. ४ × १०० रिलेच्या चौघींना मिळून एकच ट्रॉफी पुरते. बॅटनसुद्धा एकच असतं ना? आळीपाळीने घरी न्यायला सांगा.

७. फोटोची शिस्त.
ट्रॉफीला किमान सात हात लागले पाहिजेत. त्यातला एक खेळाडूचा असेल तर उत्तम. लांब उडीवाली मुलगी बुटकी असेल तर ती मान्यवरांमागे झाकली जाते. वाईट वाटतं खरं, पण तिने उंच उडी निवडायला हवी होती.

८. वेळेचं नियोजन.
शंभर मीटरची शर्यत साडेबारा सेकंदांत संपते, म्हणून तिच्यावरची भाषणंही थोडक्यात हवीत, असा गैरसमज करून घेऊ नका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांचेच सत्कार यांत पहिले दोन तास जातात. तोवर खेळाडूंना ट्रॅकसूट घालून पुढे सतरंजीवर बसवा, उन्हात. उन्हाची त्यांना सवय असते. शेवटी एका मुलीला ‘दोन शब्द’ बोलायला बोलवा आणि ती माइकपाशी पोचताच वेळेअभावी आभारप्रदर्शन सुरू करा.

९. पैशांची फक्त घोषणा करा.
अकरा हजारांची घोषणा आणि अकरा हजारांचा धनादेश यांना टाळ्या सारख्याच पडतात. मग धनादेश कशाला? घोषणा करणाऱ्याचं नाव दोनदा पुकारा. पुढच्या वर्षी तेच अकरा हजार तो पुन्हा घोषित करेल.

या शास्त्राला आपल्याकडे परंपराही मोठी आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायच्या खर्चासाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले. परत आले तेव्हा मात्र शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने, मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन आहे. बैलगाड्या निदान गावकऱ्यांनी स्वतःहून जुंपल्या होत्या. तेवढं सोडलं तर क्रम पाठ करून ठेवा : आधी वर्गणी, मग मिरवणूक, मग विसर, शेवटी दिन.

१०. मैदान.
कार्यक्रम मैदानावरच घ्या, वातावरणनिर्मिती होते. मांडवाचे खांब धावपट्टीतच रोवा, तिथली माती रोज पाणी मारून दाबलेली असते, खांब हलत नाहीत. फक्कीच्या रेषा पुसल्या जातील. जाऊ द्या, आखणारी पोरंच आहेत. जनरेटर लांब उडीच्या वाळूत ठेवा, आवाज कमी येतो. आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस सराव बंद राहील. खेळाडूंचा गौरव चालू असताना खेळ थोडा थांबला तर कोणी तक्रार करू नये.

११. एक धोक्याची सूचना.
सत्कार करण्याची याहून स्वस्त पद्धत काही बेजबाबदार लोक अधूनमधून सुचवतात. खेळाडूची वेळ वहीत बरोबर लिहा, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. तिचं नाव नीट उच्चारा. ट्रॉफीच्या पैशांत तिच्या मापाचे स्पाइक्स घ्या. पुढच्या स्पर्धेला प्रशिक्षकांना सोबत पाठवा आणि एसटीचं तिकीट क्लबने काढा. धावपट्टी वर्षभर मोकळी ठेवा. या पद्धतीला मांडव लागत नाही, पाहुणा लागत नाही आणि कदाचित पुढच्या वर्षी मुलगी अर्धा सेकंद लवकर पोचते. मात्र यातल्या एकाही टप्प्यावर तुमचा फोटो निघत नाही. तेव्हा कार्यवाह, निर्णय तुमचा.