घरपट्टीतले दहा सेंट

फेब्रुवारीत किंग काउंटीच्या घरपट्टीचं बिल हाती येतं. अर्धी रक्कम ३० एप्रिलपर्यंत भरायची, उरलेली ३१ ऑक्टोबरपर्यंत. बिलावर शाळा, राज्य, काउंटी, शहर, ग्रंथालय अशी वाटेकऱ्यांची रांग असते आणि त्या रांगेत एक नाव असतं सिॲटलच्या बंदराचं. बेलव्यू, रेडमंड, समामिशला घर घेतलेली मराठी माणसं शाळेच्या ओळीवर तासभर वाद घालतात. बंदराच्या ओळीवरून मात्र नजर तशीच पुढे सरकते.

परवा ओळखीतल्या एका तरुणाला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "काका, ऐंशी डॉलरसाठी एवढं काय? चौघांच्या एका जेवणाचं बिल झालं हे."

हिशेब त्याचा बरोबर आहे. गेल्या काही वर्षांत बंदराच्या कराचा दर हजार डॉलर मूल्यांकनामागे दहा सेंटच्या आसपास राहिला आहे. आठ लाखांच्या घराला वर्षाला ऐंशी डॉलर. पण काउंटीतल्या सगळ्या घरांचे, दुकानांचे, कचेऱ्यांचे हे दहा-दहा सेंट एकत्र केले की वर्षाची रक्कम आठ कोटी डॉलरच्या पुढे जाते. मोठ्या कराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. लहान कराला राखणदार नसतो, म्हणून मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. घराची किंमत वाढली की बंदराची कमाई आपोआप वाढते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. बंदराचे आयुक्त आधी एकूण रक्कम ठरवतात, मग ती सगळ्या मालमत्तांवर वाटली जाते. किमती चढल्या तर दर उतरतो. नव्या बांधकामाची भर सोडली, तर या रकमेची कायदेशीर कमाल मर्यादा लोकांना न विचारता वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढत नाही. कायद्याने जितकी घेता येते तितकीही बंदर घेत नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. म्हणजे माझी तक्रार रकमेबद्दल नाही. पैसा कुणासाठी खर्च होतो, एवढंच मी विचारतो आहे.

हा कर वरून लादलेला नाही, हेही लक्षात ठेवू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिॲटलच्या किनाऱ्यावर रेल्वे कंपन्यांची मालकी होती. धक्का त्यांचा, गोदाम त्यांचं, दरही त्यांचा. शेतकऱ्याला आणि लहान व्यापाऱ्याला ते मागतील ते द्यावं लागे. १९११ साली राज्याने बंदर जिल्ह्यांचा कायदा केला आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला किंग काउंटीच्या मतदारांनी स्वतःचं सार्वजनिक बंदर उभारायचा कौल दिला. पहिल्या तीन आयुक्तांत हायरम चिटेंडन हे लष्करी अभियंते होते आणि रॉबर्ट ब्रिजेस हे एके काळी कोळशाच्या खाणीत राबलेले गृहस्थ. १९१४ मध्ये सॅमन बेवर मच्छीमारांसाठी फिशरमेन्स टर्मिनल उघडलं. अलास्काच्या समुद्रात जाणाऱ्या मासेमारी नौका आजही तिथे बांधलेल्या दिसतात.

किनारा कंपन्यांच्या हातून सोडवायचा म्हणून लोकांनी स्वतःच्या घरांवर कर बसवून घेतला. घरपट्टीतल्या त्या ओळीचा उगम हा आहे. मला त्याचा आदर वाटतो, म्हणूनच तिचा हिशेब मागावासा वाटतो.

आता पैसा जातो कुठे ते पाहू. विमानतळाच्या कारभारात तो जात नाही. सी-टॅक विमानतळ याच बंदराचा आहे, वर्षाला पाच कोटींवर प्रवासी तिथून ये-जा करतात, आणि तो विमान कंपन्यांची भाडी, पार्किंग, दुकानं यांवर स्वतःचा खर्च भागवतो. कराचा पैसा जातो कर्जरोख्यांच्या हप्त्यांत, किनाऱ्यावरच्या बांधकामांत, प्रदूषित जागांच्या साफसफाईत, आणि शहरांना, स्थानिक संस्थांना, तरुणांच्या कामशिक्षणाला दिलेल्या अनुदानांत. किनाऱ्यावरच्या जुन्या अलास्कन वे उड्डाणमार्गाच्या जागी २०१९ मध्ये बोगदा खुला झाला. त्यासाठी बंदराने तीस कोटी डॉलरपर्यंत देण्याचं कबूल केलं होतं. म्हणजे बंदरासाठी भरलेला पैसा रस्त्याच्या बोगद्यातही गेला. मालाच्या ट्रकना वाट हवी, हे मान्य. पण ही गोष्ट घरपट्टी भरणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

आणि आता डुवामिश नदी. शहराच्या दक्षिण भागातून वाहत ती एलियट बेला मिळते. शतकभर तिच्या काठी कारखाने, गोद्या, डांबराचे उद्योग झाले आणि सगळ्यांची घाण तिने पोटात घेतली. तिच्या खालच्या पाच मैलांचा पट्टा २००१ साली केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत गेला, म्हणजे देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत. गाळात पीसीबी, आर्सेनिक, डायॉक्सिन अशी विषं सापडतात. साफसफाईचा आराखडा पक्का व्हायला २०१४ उजाडलं. खर्चाचा तेव्हाचा अंदाज ३४ कोटी २० लाख डॉलर. जबाबदारी बंदर, सिॲटल शहर, किंग काउंटी आणि बोइंग यांच्यावर. सर्वांत घाण असलेल्या काही जागा आधी साफ झाल्या, पण संपूर्ण नदीचं काम अजून बाकी आहे.

नदीच्या काठाला साउथ पार्क आणि जॉर्जटाउन या वस्त्या आहेत. २०१३ च्या एका आरोग्य अभ्यासात दिसलं की इथल्या माणसाचं सरासरी आयुष्य शहराच्या उत्तरेकडच्या श्रीमंत लॉरेलहर्स्टपेक्षा तब्बल तेरा वर्षांपर्यंत कमी आहे. एकाच शहरात, एकच घरपट्टी भरणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये तेरा वर्षांचं अंतर! तिथले खेकडे, शिंपले आणि नदीतच राहणारे मासे खाऊ नका, असं आरोग्य खातं सांगतं. समुद्रातून येऊन जाणारा सॅमन तेवढा चालतो. पण गळ टाकून घरचं कालवण भागवणारे लोक आजही त्या काठावर उभे असतात. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला 'आजपासून तुझ्या खाडीतली मासळी खायची नाही' असं सांगून पाहा, म्हणजे या सूचनेचं वजन कळेल.

साउथ पार्कला टर्मिनल ११७ नावाची जागा होती. तिथे डांबराचा कारखाना चाले आणि जळणासाठी आणलेल्या टाकाऊ तेलातून पीसीबी मातीत उतरलं. आजूबाजूच्या घरांच्या अंगणापर्यंत ते पोचलं. बंदराने ती माती उकरून काढली, काठ पुन्हा घडवला, आणि २०२२ मध्ये तिथे चौदा एकरांचं नदीकाठचं उद्यान लोकांसाठी उघडलं. मुलं पाण्यापर्यंत जातात, काठाला देशी झाडं लावली आहेत. घरपट्टीतून बंदराने असं एखादं काम केलं की ऐंशी डॉलरचं सोनं होतं. अशी कामं हवीत, आणि आहेत त्याहून कितीतरी लवकर हवीत.

दुसरा पट्टा विमानांच्या वाटेखालचा. बुरियन, डे मॉइन, टक्विला, सीटॅक ही गावं रात्रंदिवस आवाज सोसतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की उतरत्या विमानांच्या वाटेखाली इंजिनांतून येणारे अतिसूक्ष्म कण वेगळे ओळखू येतात. आता अडचण बघा. विमानतळ सर्वांत जास्त कमावतो, पण केंद्राच्या कायद्याने ती कमाई विमानतळाच्या कामांबाहेर खर्च करता येत नाही. त्यामुळे या गावांतल्या संस्थांना बंदराने एक कोटी डॉलरचा निधी ठरवला, तेव्हा तो घरपट्टीतून काढावा लागला. त्रास विमानांचा, भरपाई घरमालकांच्या खिशातून. हा कायद्याचा दोष आहे आणि तो अमेरिकी काँग्रेसमध्ये सुधारायला हवा. तो सुधारेपर्यंत घरपट्टीतूनच द्या, पण हा निधी एक कोटीवर थांबवू नका.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बंदराची सावली ज्यांच्या अंगावर पडते, त्यांचा या करावर पहिला हक्क. आधी डुवामिशचा काठ, आधी विमानांखालची गावं. मच्छीमारांचा धक्काही मला मान्य, कारण सार्वजनिक पैसा मागे उभा नसेल तर त्या पाण्याकाठी महागडी घरं उभी राहतील. पण अलास्काला जाणाऱ्या क्रूझचे धक्के, हौशी यॉट बांधायच्या जागा हा व्यापार आहे. त्यांनी स्वतःच्या भाड्यावर चालावं आणि दुरुस्तीही त्यातूनच करावी. साउथ पार्कच्या आजीने भरलेला एक सेंटही तिकडे वळता कामा नये.

'बंदर जाणकार लोक चालवतात, त्यांना कळतं' असं कुणी म्हणेल. डिसेंबर २००७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसह बंदराच्या बांधकामांचा कारभार तपासला आणि ९ कोटी ७२ लाख डॉलर विनाकारण गेल्याचं नोंदवलं. तो पैसा मुख्यतः विमानतळाचा होता, घरपट्टीचा नव्हे. तरी धडा तोच. कुणी बघत नसलं की जाणकारांच्या हातूनही पैसा गळतो.

इथल्या माणसापाशी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे नाही. या बंदराचे पाचही आयुक्त लोक निवडून देतात. आपल्याकडे उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, दि. बा. पाटलांनी लढा दिला, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी लोकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. बंदर १९८९ पासून सुरू आहे. उरणच्या माणसाला आजही त्या बंदराच्या मंडळावर कुणी बसावं हे मतपेटीतून सांगता येत नाही. ज्यांच्या हाती ती मतपेटी आहे, त्यांनी ती रिकामी सोडावी याचं मला दुःख होतं.

विषम वर्षांच्या नोव्हेंबरात आयुक्तांची निवडणूक असते. मतपत्रिका घरी टपालाने येते. वरची नावं भरून बंदराचा रकाना कोरा ठेवणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. जे अजून व्हिसावर आहेत, त्यांना मत नाही, पण घरपट्टी तेही भरतात, आणि आयुक्तांच्या जाहीर सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही.

दरवर्षी नोव्हेंबरात पुढच्या वर्षीच्या कराची रक्कम ठरते आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते. या वर्षी मी जाणार आहे. डुवामिशच्या वाट्याला किती आणि कधी, एवढा एकच प्रश्न घेऊन. समामिशहून गाडी निघेल, तीन जागा रिकाम्या आहेत.