कल चाचणी

अबू धाबी पाहायला गेलेल्यांना ‘कॅपिटल गेट’ हा ३५ मजली मनोरा आवर्जून दाखवतात. तो पश्चिमेला १८ अंश कललेला आहे. पिसाचा मनोरा जेमतेम ४ अंश. कॅपिटल गेटचा कल मुद्दाम दिलेला असून २०१० मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सरळ उभ्या शेख झायेद मशिदीला संगमरवरावर भागवावे लागते.

कल्याणजवळच्या मोहन्याहून आलेल्या प्रवाशाला मात्र कललेल्या इमारतीचे अप्रूप नसते. कल्याण-डोंबिवलीत असा कल काळाच्या ओघात, वास्तुविशारदाविना मिळतो. फरक फक्त वहीचा: तिथे गिनीज, इथे पावसाळ्याआधी निघणारी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी. तिथल्या कललेल्या मजल्यांवर पाहुणे पैसे मोजून राहतात. इथे रहिवासी नोटीस घेऊन.