नवशिक्यांसाठी, म्हणे!

दिवाळीनंतर अर्जुनी मोरगावच्या मुलखात मंडईची जत्रा भरते, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर रंगतं. त्याची, नाहीतर लग्नाची, डीव्हीडी कपाटात धूळ खाते. ती संगणकावर उतरवायला ‘नवशिक्यांसाठी’ मार्गदर्शिका उघडावी, तर आधी सिनेमांच्या डीव्हीडीवरच्या, १९९९ साली फुटलेल्या सीएसएस या नक्कलविरोधी कुलपाचं पुराण! स्टुडिओवाल्याने लिहून दिलेल्या डीव्हीडीला ते कुलूप नसतंच.

खरी पीडा इंटरलेसिंगची, म्हणजे एकाआड एक ओळींनी चित्र साठवण्याची. ७२० बाय ५७६ च्या चित्रात नवरदेवाने झटकन मान वळवली की मुंडावळ्यांना कंगव्याचे दात फुटतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधला डीइंटरलेसचा उपाय मात्र परिशिष्टात.

शिवाय डीव्हीडीवरची व्हिडिओची व्हीओबी फाइल साधारण १ जीबीला तुटते आणि पुढचा भाग पुढच्या फाइलीत जातो, हे कोणी सांगत नाही. मग एकच फाइल उतरवणाऱ्याच्या घरी मंगलाष्टकं वाजतात, हार पडतच नाहीत.