घट्ट आप्पा

आप्पांची निम्मी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सायझिंगमध्ये, चादरीच्या ताण्याला खळ देण्यात गेली. आता ते पुतण्याच्या रंगाच्या दुकानात बसतात. गल्ला पुतण्याचा, तोंड आप्पांचं. दाट-पातळ काहीही दिसलं की त्यांना राहवत नाही. पंगतीत आमटी वाढली की आधी चमचा उचलून धार बघणार, मग जेवणार.

परवा एक रंगारी डबा आपटत आला. "काय ओ मालक, पाणी भरून विकता का? रंग नुसता पळतोय भिंतीवरून!"

पुतण्याचा चेहरा उतरला, आप्पांचा खुलला. त्यांनी काठी बुडवली, वर उचलली, धार तुटेपर्यंत पाहिली.

"का बे, स्टेनर किती बाटल्या ओतल्यास?"

"चार. गिऱ्हाइकाला गडद पाहिजे होता."

"मग ऐक. आपली जुनी खळ स्टार्चची. लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्या की दाट. ह्या इमल्शनातली साखळी वेगळी. मधला भाग पाण्यात विरघळतो, पण दोन्ही टोकांच्या शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. साडूंसारख्या! सासरच्या गर्दीत साडू साडूलाच शोधतो, कोपऱ्यात कोंडाळं करतो. साखळीचं एक टोक ह्या कोंडाळ्यात, दुसरं त्या, झालं जाळं. ब्रश ओढलास की हात सुटतात, रंग सरकतो. ब्रश उचललास की परत धरतात. स्टेनरमध्ये साबणाच्या जातीचं रसायन असतं. ते एकेका शेपटीला बिलगलं, कोंडाळी फुटली. वर पाणी ओतलंस, उरलेली टोकं लांब पडली आणि आपापल्या साखळीतच गुंडाळून बसली."

"आप्पा, मला भिंत रंगवायचीय, सोयरीक नाही जुळवायची!"

पण आप्पा आता थांबणार थोडेच? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काजूच्या टरफलाच्या तेलापासून अशी शेपटी करून पॉलिमरला कशी जोडली, हेही त्यांनी ऐकवलं. तोवर दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. पुतण्याने कपाळाला हात लावला.

निदान मात्र अचूक. रंगाऱ्याने नव्या डब्यात स्टेनर निम्म्यावर आणला, पाणी मापाने घातलं. भिंतीवर एक ओघळ आला नाही. तेव्हा वाचकहो, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. तरी रंग पळालाच, तर आप्पांना गाठा. फक्त जाताना अर्धा दिवस मोकळा ठेवा.