बेब रूथची मरणोत्तर कारकीर्द

अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथ १९४८ साली वारला; सह्या करायचा मात्र थांबला नाही. त्याच्या सहीच्या चेंडूवर कधी कधी अमेरिकन लीगचे अध्यक्ष म्हणून जो क्रोनिन यांचं नाव छापलेलं सापडतं. क्रोनिन अध्यक्ष झाले १९५९ साली. म्हणजे रूथ खास सहीपुरता खाली उतरला असणार. सही शार्पीची असेल तर आणखी उशिरा, कारण ते पेनच आलं १९६४ साली.

असे चेंडू विकणारा विक्रेता खोटं बोलत नाही, बरं का. तो फक्त सगळं बोलत नाही. ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडला’, बस. आजोबा कोणाचे, हे विचारणं असभ्यपणाचं. खेळाडूऐवजी संघाचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या पोराने सही ठोकली असेल, तर तिला ‘क्लबहाउस सही’ असं भारदस्त नाव आहे. जाहिरातीत ते नाव भिंगाखालीच दिसतं. वर सही खरी असल्याचं प्रमाणपत्र! देणारा कधी कधी विकणाराच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

१९९९ मध्ये एफबीआयने खोट्या सह्या करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या टोळीवर धाडी घातल्या. त्या प्रकरणात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही निघाला. बाई कुठल्या बेसवर खेळत, हे कुणा गिऱ्हाइकाने विचारलं नसावं.